पेव, कॅश आणि आमची आक्का

आपण कोण आहोत आणि आपण जिवंत आहोत की नाही, या दोन बाबतींत निदान आपलं स्वतःचं मत विचारात घेतलं जाईल, अशी सत्तरीला टेकेपर्यंत माझी समजूत होती. साताऱ्यात आमच्या पेठेत मला सगळे ओळखतात. दूधवाला ओळखतो, राजवाड्यासमोरचा पेपरवाला ओळखतो. बोळाच्या तोंडाशी बसणारं काळं कुत्रं तर मी नवा चष्मा लावून निघालो त्या दिवशीसुद्धा मला ओळखून भुंकलं. अख्ख्या गावात मला न ओळखणारं एकच स्थळ उरलंय, ते म्हणजे संगणक.

बरं, तोंडओळख नाही म्हणावं तर तसंही नाही. विजेचं बिल भरायला त्याच्यापुढे मी दर महिन्याला बसतो. दर महिन्याला तो विचारतो, तुम्ही कोण? मी नाव सांगतो. तो म्हणतो, पासवर्ड सांगा. सांगतो. मग तो नऊ चित्रं दाखवतो आणि म्हणतो, यातली सिग्नल असलेली चित्रं निवडा, म्हणजे तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध होईल. एका यंत्राने माणसाला 'तू यंत्र नाहीस कशावरून?' असं विचारावं यातला उद्धटपणा क्षणभर सोडून देऊ. पण साताऱ्यात उभा जन्म गेलेल्या माणसाकडून सिग्नलकडे नीट बघण्याची अपेक्षा करणं हाच मुळी अन्याय आहे. एवढं सगळं करून आत गेलो, चहा आला म्हणून चार मिनिटं उठलो आणि परत येऊन बसलो, की पडद्यावर पाटी, 'आपली मुदत संपली आहे.' सत्तरीच्या माणसाला हे वाक्य किती लागतं हे त्या पाटीवाल्याला कधी कळायचं?

तरी माझी तक्रार ही नाही. विसरभोळेपणा मी समजू शकतो, घरात तोच चालू आहे. माझी तक्रार अशी, की जे यंत्र मला दहा मिनिटांत विसरतं, तेच यंत्र माझ्याबद्दलची शिळी, चुकीची, कालबाह्य माहिती मात्र वर्षानुवर्षं छातीशी धरून बसतं. आणि त्या दोघांत, म्हणजे समोर उभा मी आणि त्याच्या पोटातली माझी जुनी माहिती यांत, खरं कोण हे ठरवायची वेळ आली की ते स्वतःच्या पोटावर हात ठेवतं.

हे मी हवेत बोलत नाही. आमच्या आक्काचं काय झालं ते ऐका.

आक्का माझी थोरली बहीण. जन्म १९५१ सालचा, तासगावचा. जन्माच्या दाखल्यावर जिल्हा दक्षिण सातारा. नव्या पिढीला हे ठाऊक नसेल म्हणून सांगतो. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि १९६० साली या दक्षिण साताऱ्याचं नाव बदलून सांगली झालं. म्हणजे आक्का जन्मली त्या जिल्ह्याने ती नऊ वर्षांची असताना नाव बदललं. तिने काही केलं नाही. ती तासगावात लगोऱ्या खेळत होती. पण आता कुठलाही फॉर्म भरायचा म्हटलं की 'जन्माचा जिल्हा' म्हणून जी यादी उघडते तीत दक्षिण सातारा नाही. सांगली निवडावं, तर दाखल्याशी जुळत नाही. सातारा निवडावं, तर तासगाव त्यात सापडत नाही. एकदा एका मुलाने वैतागून 'इतर' निवडलं. त्या दिवसापासून आक्का परदेशात जन्मल्यासारखी मान ताठ करून चालते.

आक्का दिली सांगलीला, गावभागात. मेहुणे सरकारी नोकरीत होते. ते गेल्यावर तिला कुटुंब निवृत्तिवेतन चालू झालं. रक्कम सांगण्यासारखी नाही. पण औषधं, वीज, गॅस आणि नातवंडांच्या हातावर ठेवायच्या पन्नासाच्या नोटा एवढं त्यात बसतं. निवृत्तिवेतनवाल्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत जाऊन यादीत नावापुढे सही करायची, साहेबाने चष्म्यावरून बघायचं आणि 'काय, बरं आहे ना?' म्हणायचं, की झाली हयाती सिद्ध. २०१४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने 'जीवन प्रमाण' काढलं आणि अंगठा टेकून जिवंत राहायची सोय झाली. पुढे २०२१ मध्ये नुसता चेहरा दाखवूनही चालेल असं ठरलं. चांगली गोष्ट आहे. म्हातारपणी बोटांवरच्या रेघा पुसट होतात, तेव्हा चेहऱ्यावरच्या वाढलेल्या रेघा तरी कामी याव्यात.

तर गेल्या नोव्हेंबराच्या १४ तारखेला आक्काने अंगठा टेकला. बालदिन होता, म्हणून लक्षात राहिलं. चौथ्या खेपेला यंत्राने तो पत्करला आणि पावतीचा कागद आला. आक्काने तो देवघरात ठेवला. डिसेंबरचे पैसे आले. जानेवारीचे आले नाहीत. फेब्रुवारीत तिने फोन केला, "अरे, मी मेले की काय बघ जरा."

मी साताऱ्याहून एसटीने सांगलीला गेलो आणि दोघं एका कचेरीत जाऊन बसलो. कुठल्या ते सांगत नाही, कारण त्या खिडकीतला मुलगा मनाने चांगला होता आणि त्याच्या जागी मी असतो तरी वेगळं काही केलं असतं असं नाही. त्याने पडद्यावर बघितलं आणि म्हणाला, "आजी, तुमचा हयातीचा दाखला आलेलाच नाही."

आक्काने पावती पुढे केली. त्याने ती उलटसुलट बघितली आणि परत दिली. "कागद बरोबर आहे आजी. पण सिस्टिमला दिसत नाही."

"अरे, पण मी तुला दिसतेय ना?"

"मला दिसताय हो. सिस्टिमला दिसत नाही."

मी मध्ये तोंड घातलं. शेवटी तो म्हणाला, "काका, कदाचित तिकडून कॅश क्लिअर करावी लागेल."

यावर आक्का जी उसळली! "कॅश क्लिअर करतोस? तीन महिन्यांची कॅश तुम्ही आधीच क्लिअर केलीय! तीच मागायला आलेय मी!"

रांगेतले सगळे हसले. तो मुलगाही हसला. पण पैसे काही मिळाले नाहीत. तुमचं खातं तुम्हीच ऑनलाइन उघडून बघा, मग कळेल, असा सल्ला मात्र मिळाला.

खातं उघडायचं तर ओटीपी लागतो. तो नोंदवलेल्या मोबाईलवर येतो. नोंदवलेला मोबाईल होता मेहुण्यांचा, आणि तो २०१९ च्या ऑगस्टात महापुराचं पाणी माजघरात शिरलं तेव्हा फडताळासकट गेला. म्हणजे आक्का कोण हे सांगणारे ते सहा आकडे कृष्णेत कुठेतरी आयर्विन पुलाखाली येऊन पडत असणार. नंबर बदला म्हणावं, तर नंबर बदलण्यासाठी आधी आत जा. आत जाण्यासाठी आधी ओटीपी द्या. आमच्या लहानपणी किल्ली पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावणाऱ्या माणसाला वेंधळा म्हणत. आता त्याला सुरक्षा म्हणतात.

दोन दिवस खेटे घालून, अंगठ्यावर अंगठे टेकून, शेवटी एका सेवा केंद्रातल्या मुलीने आक्काचं पान उघडून दिलं. आम्ही दोघं चष्मे पुसून पुढे वाकलो. पडद्यावर कऱ्हाडच्या एका गृहस्थांचं सगळं आयुष्य मांडलेलं होतं. नाव, पत्ता, जन्मतारीख, बँकेचा खाते क्रमांक, महिन्याची रक्कम, आणि शेवटी 'हयात : होय'.

आक्का म्हणाली, "हा मेला जिवंत आहे बघ!"

"थांबा हं, कधी कधी होतं असं," असं म्हणून त्या मुलीने पान बंद केलं.

कधी कधी होतं! ज्या दाराने घरच्या मालकिणीला तीन महिने उंबऱ्याबाहेर उभं केलं, त्याच दाराने तिला न विचारता दुसऱ्याच्या माजघरात नेऊन बसवलं. आणि कऱ्हाडच्या त्या बिचाऱ्या गृहस्थांना अजून पत्ता नाही की सांगलीत दोन म्हातारी माणसं त्यांची रक्कम बघून 'आपल्यापेक्षा बरी आहे' असं म्हणाली.

रविवारी पुण्याहून भाचा आला. आक्काचा धाकटा. तो हिंजवडीत याच धंद्यात आहे, त्यामुळे सगळ्या यंत्रजातीच्या वतीने त्याने उत्तर द्यावं असं मी फर्मावलं. पोरगं गुणी. भडंगाचा डबा मांडीवर घेऊन त्याने समजावून दिलं.

"मामा, तुमच्या कचेरीत रेकॉर्ड रूम होती ना? आणि रोज लागणाऱ्या फायली तुम्ही टेबलावरच ठेवत होता की नाही? तसंच आहे. खरी माहिती डेटाबेसमध्ये असते. दर वेळी तिथपर्यंत जायला वेळ लागतो. म्हणून एकदा आणलेली माहिती सर्व्हर आपल्या मेमरीत जवळ ठेवतो. पुढच्या वेळी कुणी मागितली की तीच देतो. प्रत्येक माणसाचं एक ऑब्जेक्ट असतं, नाव, पत्ता, हयात की मयत, सगळं त्यात. ते ऑब्जेक्ट ठेवायच्या जागेला कॅश म्हणतात."

"म्हणजे तुझी आई एक ऑब्जेक्ट."

"प्रोग्रामच्या भाषेत हो."

"आणि मघाशी कऱ्हाडचे जे भेटले?"

"ते दुसरं ऑब्जेक्ट. कुणीतरी पान जपून ठेवताना त्यावर ते कुणाचं हे लिहायचं विसरला असेल. मग पुढच्या येणाऱ्याला मागच्याचं पान जातं."

असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही, हेही त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं. २०१५ च्या ऐन नाताळात स्टीम नावाच्या खेळांच्या अमेरिकन दुकानात हाच घोटाळा झाला. लोक आपलं खातं उघडायला गेले आणि त्यांना परक्यांची खाती दिसली. सुमारे ३४ हजार गिऱ्हाइकांची माहिती अशी भलत्यांपुढे गेली. २०२३ च्या मार्चमध्ये चॅटजीपीटीनेही काही लोकांना दुसऱ्यांच्या संभाषणांचे मथळे दाखवले. तिथेही गोंधळ याच जवळ ठेवलेल्या मालाच्या कोठारातला. आणि मुळात संगणकाला पासवर्ड लावायची प्रथा ज्यांनी पाडली त्या फर्नांडो कॉर्बातोंच्या एमआयटीतल्या यंत्राने १९६६ साली काय करावं? दोन तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली, आणि येणाऱ्या प्रत्येकाला आजची सूचना म्हणून सगळ्यांच्या पासवर्डांची यादी दाखवली गेली. म्हणजे मूळ पुरुषापासूनच घराण्यात हा दोष आहे.

"पण मग तुझ्या आईचं काय झालं?" मी मुद्द्यावर आणलं.

"सोपं आहे. त्या कचेरीच्या सर्व्हरने नोव्हेंबरच्या सुरुवातीला सगळ्यांची माहिती उचलून ठेवली असेल. तेव्हा आईचा दाखला आला नव्हता. १४ तारखेला तो आला, मूळ जागी नोंदही झाली. पण इकडची प्रत तशीच राहिली. ती ताजी करायला कुणी सांगितलंच नाही."

"तिला मुदत नसते? मला तर दहा मिनिटांत हाकलतात."

इथे भाचा जरा अडखळला. भडंगातला एक दाणा त्याने उगाचच शोधून काढला. मग म्हणाला, "देता येते मुदत. द्यायलाच पाहिजे. तुमची ओळख पटली की सर्व्हर तुम्हाला एक बिल्ला देतो, त्याला मुदत असतेच, ती सुरक्षेसाठी. प्रतीला किती द्यायची हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. इथे राहून गेलं असेल."

राहून गेलं असेल! मंडळी, हे एवढंच माझं भांडण आहे. माझ्या ओळखीला मुदत आहे. त्यांच्या नकलेला मुदत नाही. मी दहा मिनिटांपूर्वी मीच होतो हे त्यांना पुरत नाही. पण आक्का नोव्हेंबराच्या पहिल्या आठवड्यात जशी होती तशीच ती फेब्रुवारीत आहे, यावर त्यांचा गाढ विश्वास. संशय घ्यायचा तो सगळा माणसावर, आणि श्रद्धा ठेवायची ती सगळी स्वतःच्या टिपणावर. असा माणूस आपल्या शेजारी राहायला आला तर त्याच्याशी आपण वाटीभर साखरेचाही व्यवहार ठेवणार नाही.

भाच्याने मग वेगाचा मुद्दा काढला. तो म्हणाला, दहावीच्या निकालाच्या दिवशी पंधरा-सोळा लाख पोरं आणि त्यांचे आईबाप एकाच वेळी तुटून पडतात. प्रत्येकासाठी रेकॉर्ड रूमपर्यंत जायचं म्हटलं तर सगळंच कोसळेल. जवळ ठेवलेल्या प्रतीशिवाय चालणारच नाही. कबूल. अगदी कबूल. निकाल एकदा लागला की लागला; तो संध्याकाळपर्यंत बदलत नाही. बदलला असता तर मी गणितात पास झालो असतो. न बदलणारी गोष्ट खुशाल जवळ ठेवावी. तालुक्यांची यादी ठेवा, सुट्ट्यांची यादी ठेवा. (दक्षिण सातारा तेवढा घाला म्हणजे झालं.) पण माणूस जिवंत आहे की नाही, ही काय सुट्ट्यांच्या यादीसारखी गोष्ट आहे? आणि वेग वेग म्हणतात तो कुणाचा? पडद्यावर उत्तर उमटायला पूर्वी पाच सेकंद लागत, ते आता अर्ध्या सेकंदात उमटतं. उत्तर चुकीचं. ते दुरुस्त करायला आक्काला तीन महिने. सांगलीची हळद खाल्लेला माणूस तरी याला हिशोब म्हणणार नाही.

हळदीवरून आठवलं, नाही, आठवलं आक्काला. ती इतका वेळ गप्प बसून वाती वळत होती. ती म्हणाली, "म्हणजे पेवच की रे हे."

आक्काच्या सासऱ्यांची हरिपुरात हळदीची दोन पेवं होती. ज्यांनी पेव फक्त वाक्प्रचारात फुटलेलं बघितलंय त्यांच्यासाठी सांगतो. हरिपूर म्हणजे सांगलीला लागून असलेलं कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव. तिथल्या मातीला ओल धरत नाही असा लौकिक. जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आतून पाला-गवत लावून हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचं. वर काही दिसत नाही. हळद आत वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही. व्यापाऱ्याला भाव आला की पेव फोडायचं.

भाचा म्हणाला, "आई, कॅश या शब्दाचा अर्थही तोच आहे गं. मूळचा फ्रेंच शब्द. उत्तर अमेरिकेत कातड्यांसाठी शिकार करणारे लोक जमिनीत खड्डा करून माल लपवून ठेवत, त्याला कॅश म्हणत." १९६५ साली इंग्लंडातल्या मॉरिस विल्क्स यांनी संगणकासाठी ही कल्पना मांडली तेव्हा नाव दिलं होतं गुलाम स्मृती, १९६८ मध्ये आयबीएमने आपल्या एका मोठ्या यंत्राच्या वर्णनात कॅश हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. माझं मत विचाराल तर गुलाम हे नाव ठेवलं असतं तर बरं झालं असतं. निदान मालकाला डावलून गुलामाचं ऐकू नये एवढं तरी त्या खिडकीतल्या मुलाच्या ध्यानात राहिलं असतं.

आक्काला गुलामाशी कर्तव्य नव्हतं. ती म्हणाली, "आमचे मामंजी पेव घातलं की वहीत लिहायचे. कुणाची हळद, किती पोती, कुठल्या तिथीला. नाव न लिहिता कुणाची हळद कुणाच्या पेवात गेली असती तर हरिपुरात मारामाऱ्या झाल्या असत्या. आणि पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आत वाईट हवा साठते, माणूस गुदमरून मरतो. आधी तसंच उघडं ठेवायचं. मग कंदील सोडायचा दोरीने. विझला तर उतरायचं नाही. राहिला तरच गडी आत जायचा. तुझ्या त्या सर्व्हरात कुणी कंदील सोडला होता का?"

भाचा काही बोलला नाही. त्याच्या कंपनीत बारा लाखांच्या पगारावर जे विचारत नाहीत ते आईने वाती वळता वळता विचारलं होतं. कुणाची, कधीची, आणि अजून चांगली आहे का. २००५ च्या महापुरात हरिपुरातल्या पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली, पुष्कळशी पेवं कायमची गेली. पण तेव्हासुद्धा एकाही व्यापाऱ्याने कुजलेल्या हळदीकडे बोट दाखवून 'वहीत चांगली लिहिलीय' असं म्हटलं नाही.

सातारकर म्हणून मला आणखी एक गोष्ट यात बोलायचीच आहे. ओळख पटवण्याच्या भानगडीवर तर आमची राजधानी उभी आहे. शाहूमहाराज १६८९ साली रायगड पडल्यावर मोगलांच्या हाती गेले तेव्हा सात वर्षांचे होते. १७०७ साली सुटून आले तेव्हा पंचविशीचे. इकडे लोकांच्या मनात प्रत कुठली? सात वर्षांच्या पोराची. ताराबाईंनी तर जाहीर केलं की हे शाहू नव्हेतच, तोतया आहे. आता विचार करा, आमच्या खिडकीतला मुलगा तिथे असता तर? 'महाराज, सिस्टिममध्ये तुमची उंची साडेतीन फूट दिसतेय.' पण तिथे होते परसोजी भोसले. ते स्वतः उठून भेटीला गेले, बघितलं, आणि सगळ्यांसमक्ष शाहूंबरोबर एका ताटात जेवले. संपलं. मनातल्या जुन्या प्रतीला कुणी विचारलं नाही; पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला साताऱ्यात राज्याभिषेक झाला. सगळ्या कचेऱ्यांत निवृत्तिवेतनवाल्यांबरोबर ताट वाढून बसा असं माझं म्हणणं नाही. (तशी योजना निघाल्यास नोव्हेंबरात आमची उपस्थिती शंभर टक्के राहील.) पण समोर माणूस उभा असताना त्याच्याकडे बघून निर्णय घेण्याचा अधिकार कुणालातरी असावा की नाही?

त्या खिडकीतल्या मुलाला तो नव्हता. खरं दुःख तिथे आहे. त्याच्या डोळ्यांना आक्का जिवंत दिसत होती, हातात शिक्क्याची पावती होती, आणि तरीही पडद्याच्या विरुद्ध शब्द लिहायला त्याच्याजवळ जागा नव्हती. जुन्या कचेऱ्यांतले कारकून काही संत नव्हते, मी त्यांच्यातलाच एक. आम्हीही टेबलावरच्या शिळ्या फायलीवरून लोकांना परत पाठवलेलं आहे. पण कुणी फारच आरडाओरडा केला तर 'थांबा, वर जाऊन मूळ कागद बघतो' म्हणून आम्ही उठत होतो. चिडून उठत होतो, पण उठत होतो. या मुलाला उठायला जिनाच ठेवलेला नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने एक बटण दिलं असतं, 'मूळ नोंद बघा' असं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं असतं की ही माहिती अमुक तारखेची आहे, तर त्या पोराने पहिल्याच दिवशी म्हटलं असतं, 'आजी, ही नोव्हेंबरातली दिसतेय, थांबा.' दुधाच्या पिशवीवर तारीख छापतात. पावाच्या पुड्यावर छापतात. माणसाच्या हयातीवर छापायला शाई कमी पडली का?

यावर भाच्याचं म्हणणं असं, की त्यांच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ठेवलेली प्रत नेमकी कधी टाकून द्यायची हा संगणकशास्त्रातला सगळ्यात अवघड प्रश्नांपैकी एक समजतात, त्यावर त्यांच्यात विनोदसुद्धा चालतात. चालू द्यात. प्रश्न अवघड असेल तर तो सुटेपर्यंत त्याचा भुर्दंड कुणी भरायचा, एवढंच मी विचारतो. आत्ता तो आक्का भरते. रक्तदाबाची गोळी तिने जानेवारीपासून दिवसाआड घ्यायला सुरुवात केली होती. हे तिने आम्हाला सांगितलं नाही. पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजून भाच्याच्या ध्यानात आलं. त्यानंतर मात्र त्याने वेगाचा मुद्दा काढला नाही.

सुटलं कसं ते सांगतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात भाचा रजा काढून स्वतः आईला घेऊन गेला. त्याच कचेरीत आतल्या खोलीत एक बाई बसत होत्या. निवृत्तीला वर्ष राहिलेल्या. त्यांनी पावतीवरचा क्रमांक वाचला, फोन उचलला, पलीकडच्याला तो क्रमांक सांगितला आणि म्हणाल्या, "नवीन मागवून घे रे एकदा." दोन मिनिटांनी पडद्यावर आक्का जिवंत झाली. तीन महिन्यांची थकबाकी आठवड्यात जमा झाली. मोबाईलचा नंबर बदलून मिळाला. जन्माचा जिल्हा अजून 'इतर' आहे.

मी साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन गेलो, आणि आक्काचा हट्ट, की पहिला पेढा खिडकीतल्या त्या मुलालाच द्यायचा. गेलो. त्याने लांबूनच हाक मारली, "या आजी, या!" आक्काने पुडा उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने हात पुढे केला तशी तिने पुडा मागे घेतला.

"आधी ओटीपी सांग," आक्का म्हणाली.

आणि त्या पोराने खरोखरच खिशातून मोबाईल काढला.